रक्त जेवणानंतरचेही चालते

सकाळी उपाशीपोटी तालुक्याच्या गावी जाऊन रक्त द्यायचे म्हणजे शेतकऱ्याचा एक दिवस मोडतो. धारा काढायच्या राहतात, पहिली बस गाठावी लागते, आणि मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या वृद्ध माणसाला तर दुपारपर्यंत अन्नावाचून राहणे धोक्याचेच ठरते. मग 'लावणी उरकू दे', 'काजूचा हंगाम जाऊ दे', 'नाताळ होऊन जाऊ दे' असे म्हणत तपासणी लांबणीवर पडते, आणि जिला तिची खरी गरज तीच व्यक्ती मागे राहते. आमचे स्पष्ट मत असे आहे की, रक्तातील चरबीच्या पहिल्या तपासणीसाठी बारा तासांच्या उपासाची अट धरून बसण्याचे आता कारण उरलेले नाही.

हे मत समजण्यासाठी जेवणानंतर शरीरात काय होते ते पाहिले पाहिजे. तेल, तूप, खोबरे, मांस यांतील स्निग्धांश आतड्यात पचतो आणि त्याचे अतिशय सूक्ष्म गोळे बनून रक्तात येतात. त्यांना काइलोमायक्रॉन म्हणतात. जड जेवणानंतर तीन-चार तासांनी काढलेले रक्त स्थिर ठेवले, तर वरचा पिवळसर द्रव कधी कधी दुधाळ दिसतो, तो यांच्यामुळेच. या गोळ्यांत जी चरबी असते तिचे नाव ट्रायग्लिसराईड. स्नायूंमधील बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर एक विकर असते. ते ही चरबी सोडवून स्नायूंना इंधन म्हणून देते. गोळ्यांचा जो अवशेष राहतो तो यकृताने उचलायचा असतो.

निरोगी माणसात हे काम साधारणपणे सहा ते आठ तासांत आटोपते. परंतु पोट सुटलेले असले, मधुमेह असला किंवा बैठे काम असले, तर हे अवशेष रक्तात रेंगाळतात. न्याहारीचे निस्तरले नाही तोच दुपारचे ताट येते, आणि दुपारचे निस्तरले नाही तोच रात्रीचे. मोठे गोळे धमनीच्या भिंतीत शिरू शकत नाहीत, पण लहान झालेले अवशेष शिरतात आणि आपल्याबरोबरचे कोलेस्टेरॉल तेथे साठवतात. पाटात गाळ बसावा तसे हे वर्षानुवर्षे चालते. माणसाला काही जाणवत नाही, आणि एके दिवशी छातीत कळ येते.

म्हणजे आपले शरीर दिवसाचे बहुतेक तास जेवणानंतरच्या अवस्थेत असते. खऱ्या अर्थाने उपाशी असतो तो पहाटेचा थोडा वेळ. अमेरिकन शास्त्रज्ञ डोनाल्ड झिल्वरस्मिट यांनी १९७९ साली हाच विचार मांडला होता की, धमन्यांचा रोग ही जेवणानंतर घडणारी गोष्ट आहे. पुढे डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरात १९७६ ते १९७८ या काळात तपासलेल्या ७,५८७ स्त्रिया व ६,३९४ पुरुष यांच्यावर २००४ पर्यंत लक्ष ठेवण्यात आले. ज्यांच्या रक्तात उपास न धरता घेतलेल्या तपासणीत ट्रायग्लिसराईड जास्त होते, त्यांच्यात हृदयविकाराचा झटका व मृत्यू यांचे प्रमाणही जास्त आढळले. हा निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी अमेरिकेतील २६,५०९ स्त्रियांच्या अभ्यासातही जेवणानंतर दोन ते चार तासांनी मोजलेल्या ट्रायग्लिसराईडचा धोक्याशी सर्वांत घट्ट संबंध दिसला.

यावर काही जण विचारतील, जेवल्यावर आकडे चुकीचे येणार नाहीत का? नेहमीच्या जेवणाने पडणारा फरक वाटतो त्यापेक्षा लहान आहे. सरासरीने ट्रायग्लिसराईड २६ मिलिग्रॅमने वाढते, आणि वाईट म्हटले जाणारे एलडीएल कोलेस्टेरॉल ८ मिलिग्रॅमने कमी दिसते. म्हणूनच २०१६ साली युरोपातील तज्ज्ञांच्या संस्थांनी सरसकट उपासाची गरज नाही असे संयुक्तपणे जाहीर केले. उपाशीपोटी ट्रायग्लिसराईड १५० च्या आत असावे, तर जेवणानंतर १७५ च्या आत, एवढाच हिशेब लक्षात ठेवायचा. आकडा ४०० च्या पुढे गेला तर मात्र उपाशीपोटी तपासणी पुन्हा करावी. तो हजाराच्या घरात असेल तर विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे, कारण त्यात स्वादुपिंडाला सूज येण्याचे भय असते. उपाशीपोटीची साखर मोजायची असेल तर उपास लागतोच. ती तपासणी वेगळी. तीन महिन्यांच्या साखरेची एचबीएवनसी तपासणी मात्र केव्हाही करता येते.

तथापि एका गोष्टीत गफलत नको. सर्व दोष ट्रायग्लिसराईडच्या माथी मारून चालणार नाही. ते औषधाने खाली आणले म्हणजे झटका टळतो असे नाही. पेमाफायब्रेट या औषधाच्या मोठ्या चाचणीत ट्रायग्लिसराईड उतरले, पण हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत, हे २०२२ साली प्रसिद्ध झाले आहे. धमन्यांचा मुख्य शत्रू अजूनही एलडीएल कोलेस्टेरॉलच. त्याच्या जोडीला तंबाखू, रक्तदाब व मधुमेह. म्हणून डॉक्टरांनी दिलेली कोलेस्टेरॉलची गोळी कोणी आपल्या मनाने बंद करू नये. जेवणानंतरचे ट्रायग्लिसराईड ही आपल्या राहणीची खूण आहे, आणि राहणी सुधारणे आपल्याच हातात आहे.

शेतकरी म्हणेल, आम्ही कष्टाची माणसे, आम्हाला हा आजार कसला? पूर्वी औतामागे दिवसभर चालणारा माणूस आता पॉवर टिलर नाहीतर ट्रॅक्टर चालवतो, आणि शेताच्या बांधापर्यंत मोटारसायकलने जातो. काम यंत्राने उचलले, पण ताट पूर्वीएवढेच राहिले, किंबहुना त्यात तेल वाढले. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १४ ग्रॅम शुद्ध चरबी. घरात महिन्याला किती तेल संपते आणि खाणारी तोंडे किती, हा हिशेब प्रत्येक गृहिणीने एकदा तरी मांडून पाहावा. नुसता भात आणि गोडधोड जास्त झाले तरी यकृत त्यातून ट्रायग्लिसराईड बनवते, हेही विसरू नये. भाताचा एक वाढा कमी करून डाळ, कुळीथ, पालेभाजी वाढवावी. नाचणीला पुन्हा ताटात जागा द्यावी.

स्नायू हलले की चरबी सोडवणारे ते विकर जोमाने काम करते. रोज अर्धा तास झपझप चालणाऱ्याच्या रक्तातील जेवणानंतरची चरबी कमी चढते. पण हा गुण एक-दोन दिवसच टिकतो, म्हणून चालणे रोजचे हवे. सुगीतले कष्ट पावसाळ्यात उपयोगी पडत नाहीत.

सणाच्या दिवशी दोन घास जास्त गेले म्हणून कोणी अपराधी वाटून घेऊ नये. परंतु डुकराच्या मांसाबरोबर फेणीचे पेले रिचवणे ही दुहेरी चूक आहे. दारूमुळे यकृत अधिक चरबी बनवते आणि जेवणातली चरबीही रक्तात अधिक काळ राहते. शुक्रवारी मांस वर्ज्य करून तळलेल्या मासळीने ताट भरले, तर नियम पाळला गेला, पण संयम साधला नाही. उपवासकाळात जो संयम आपण शिकतो तो पुनरुत्थानाच्या सणानंतरही थोडा शिल्लक राहिला, तर आत्म्याबरोबर धमन्यांचेही भले होईल. शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे ही आपली श्रद्धा. मग त्या मंदिराच्या डागडुजीची चौकशी वर्षातून एकदा करायला काय हरकत आहे?

आमची सूचना साधी आहे. ज्या धर्मग्रामांत आरोग्य शिबिर भरते, तेथे ते रविवारच्या मिस्सानंतर भरवावे आणि चहा-नाश्ता करून आलेल्यांचे रक्त चरबीसाठी तसेच घ्यावे. प्रयोगशाळेला तसे आधी कळवावे, आणि शेवटचे खाणे किती वाजता झाले ते कागदावर लिहून ठेवावे. चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच घरात कोणाला लहान वयात हृदयविकार झाला असल्यास त्याआधीही, ही संधी सोडू नये. तपासणीसाठी म्हणून चार दिवस मुद्दाम पथ्य पाळू नये. रोज जसे जेवतो तसेच जेवून यावे. कागदावर दिसायला हवे ते आपले रोजचे जीवन. ते कळले, तर सुधारायला वाव आहे.