पोटातूनच प्रवास बरा

हैदराबादेत रेड हिल्सच्या निलोफर दवाखान्यासमोर सकाळी दहा मिनिटं उभं राहिलं, तरी तेलुगू आणि दखनीच्या मधूनमधून देगलूर-उदगीरकडची मराठी कानावर पडते. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. राज्याच्या सीमा बदलल्या, दुखणं घेऊन हैदराबादला यायची वाट मात्र बदललेली नाही. दासीचा बाळंतपणात जीव गेला, म्हणून निजामाची सून निलोफर हट्टाला पेटली आणि १९५३ मध्ये हा दवाखाना उभा राहिला, असं इथं सांगतात. आज इथं येणारा पेशंट कधीकधी एका दिवसाचाही नसतो.

त्यातलं एक दुखणं पाहणाऱ्याच्या काळजात धस्स करणारं. बाळाचं पोट पुढून मिटलेलंच नसतं, आतडी बाहेर.

यात दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत महागात पडते. गर्भाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास आतडी पोटात मावत नाहीत, म्हणून ती नाळेत उतरतात आणि बाराव्या आठवड्यापर्यंत माघारी येतात. तुमचं-माझंही असंच झालेलं आहे. ती माघारी आलीच नाहीत, तर बेंबीच्या जागी पातळ पडद्याची पिशवी राहते आणि तिच्यात आतडी, कधी यकृतसुद्धा. हा ओम्फॅलोसील. झाकलेला असल्यानं तो कमी भीतिदायक दिसतो. पण अशा बाळांत हृदयाचे आणि गुणसूत्रांचे दोष बरेचदा सोबत असतात आणि बाळाचं पुढचं सगळं त्यांवर ठरतं. गॅस्ट्रोस्कायसिसचं उलट. बेंबीच्या बहुधा उजव्या बाजूला भोक, पिशवी नाही, आतडी गर्भजलात भिजून सुजलेली. बघवत नाही. पण बाळ एरवी बहुतेक वेळा धडधाकट असतं.

म्हणजे जे बघून नातेवाईक ‘राहू द्या आता’ म्हणतात, तेच बाळ वाचण्याजोगं असतं.

वाचतं का? ‘लॅन्सेट’मध्ये २०२१ साली ७४ देशांतल्या २६४ रुग्णालयांचा अभ्यास आला होता. गॅस्ट्रोस्कायसिसची श्रीमंत देशांत शंभरातली एक-दोन बाळं दगावली, मध्यम उत्पन्नाच्या देशांत ३२ आणि गरीब देशांत ९०. आपण मधल्या रांगेत. दोष तोच असताना एवढा फरक पडतो तो मुख्यतः टाके घालण्याच्या कौशल्यानं नव्हे. बाळ सर्जनच्या हाती थंड पडलेलं, सुकलेलं आणि जंतुसंसर्ग होऊन पोचतं, तिथंच निम्मी लढाई हरलेली असते.

उघडी आतडी म्हणजे ओला कपडा वाऱ्यावर धरल्यासारखं. पाणी आणि ऊब दोन्ही भराभर जातं. म्हणून पहिल्या तासात करायचं ते साधं असतं: आतडी स्वच्छ, निर्जंतुक प्लॅस्टिकच्या पिशवीत घ्यायची, पीळ पडू नये म्हणून बाळाला उजव्या कुशीवर ठेवायचं, नाकातून नळी, सलाईन, ऊब. दूध मात्र पाजायचं नाही. यासाठी मोठं रुग्णालय लागत नाही. लागते ती माहिती, आणि तीच तालुक्याच्या बाळंतखोलीत नसते. त्याऐवजी ‘रेफर’ लिहिलेला कागद हातात पडतो. १०८ची रुग्णवाहिका सेवा २००५ मध्ये याच हैदराबादेत जन्मली, पण गाडीत पिशवी कशी बांधायची हे ठाऊक नसेल तर नुसता वेग काय करणार?

कारणाचा शोध घरात मात्र तासाभरात लागतो. ‘ग्रहणात हिनं विळी घेतली होती.’ ते ग्रहण अख्ख्या गावावर होतं, हे म्हणायची टाप त्या खोलीत कुणाची नसते. विज्ञानाला ठाम कारण सापडलेलं नाही. पण जगभर एक गोष्ट दिसते, विशीच्या आतल्या आयांच्या बाळांत गॅस्ट्रोस्कायसिस जास्त आढळतो. अशा बहुतेक मुलींची बाळं सुखरूप असतात, हेही खरं. तरी विळीची चौकशी करणाऱ्यांनी पोरीचं लग्न कितव्या वर्षी लावलं, तेही एकदा आठवावं.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. हा दोष अठराव्या-विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बहुतेक वेळा दिसतो. दिसला, तर बाळंतपण तालुक्याला नको. बालशल्यचिकित्सा जिथं आहे तिथंच व्हावं. नांदेड ते हैदराबाद हे पावणेतीनशे किलोमीटर बाळानं आईच्या पोटात काढावेत, त्याहून चांगली काचेची पेटी नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला. त्याच्या तपासणीच्या यादीत जन्मदोष नऊ आहेत. दुभंगलेला ओठ आहे, वाकडं पाऊल आहे, पोटाच्या भिंतीचा दोष नाही. तो घालावा.

पुढचं काम सर्जनचं. आतडी एकदम आत कोंबली तर छोट्या पोटात दाब वाढतो, श्वास अडतो. १९६७ साली शूस्टर या सर्जननं युक्ती काढली: आतडी कृत्रिम पिशवीत टांगून रोज थोडी थोडी आत सरकवायची. तयार पिशवी महाग, म्हणून गरीब देशांतले सर्जन रक्ताच्या नाहीतर लघवीच्या निर्जंतुक पिशवीवर भागवतात. मोठ्या ओम्फॅलोसीलला तर घाईच नको. पडद्यावर औषध, काही ठिकाणी चक्क मध लावून त्वचा चढू देतात आणि पोट नंतर, सवडीनं शिवतात.

गॅस्ट्रोस्कायसिसमध्ये पोट शिवल्यावरही सुजलेली आतडी कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे कामाला लागत नाहीत. तोवर शिरेतून पोषण, आणि संसर्गाची भीती तिथंच सर्वांत जास्त. नळीतून येणारं हिरवं पाणी आधी पांढुरकं व्हावं लागतं, मग चमच्यापेक्षाही कमी दूध. वॉर्डातला प्रत्येक जण एकाच बातमीची वाट बघत असतो. ती खाली फुटपाथवर डबा घेऊन बसलेल्या, ग्रहणाची चौकशी केलेल्या आजीपर्यंतही पोचते: ‘शी झाली!’