रक्ताचा खातेउतारा

ठाणे पूर्वेच्या कोपरीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत उभी राहिली. या समाजात थॅलेसेमियाच्या वाहकांचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच अधिक. लोहाणा, कच्छी भानुशाली यांच्यातही तसेच. वाहक स्वतः धडधाकट असतो, फार तर थोडा रक्तक्षय. पण नवरा-बायको दोघेही वाहक निघाले, तर दर गरोदरपणी आजारी मूल जन्मण्याची शक्यता २५ टक्के. त्या मुलाला मग दर दोन-चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते.

'आमच्या सात पिढ्यांत असले काही नाही,' हे उत्तर म्हणूनच फसवे. दोन वाहकांची गाठ पडेपर्यंत घराण्याचा इतिहास गप्पच राहतो. त्याला बोलते करते ती रक्ततपासणी. उलट, चुलत भावाचे मूल रक्तावर आहे हे कळले, तर बाकीचे वेळीच तपासून घेतील. नेमके तेच आपण लपवतो, मुलीचे लग्न मोडेल म्हणून! बँकेत आम्ही कर्जदाराबरोबर जामीनदाराचीही पत पाहत असू. इथे मात्र पत्रिकेतली नाडी जुळली की झाले.

हिमोग्लोबिन ए-२ची तपासणी लग्नाआधी करून घ्यावी. दोघे वाहक निघाले तरी लग्न मोडायचे कारण नाही; अकराव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाचीही तपासणी करता येते.