जाळ्याचा आस आणि इलेक्ट्रॉनचा झोत

गेल्या शनिवारी सातपाटीला घरी होतो. बाबा ओट्यावर फाटलेलं जाळं सांधत बसलेले, मी शेजारी लॅपटॉप घेऊन. (वीकेंडला कोड सोडून काहीही वाचतो मी, सवय आहे.)

"काय वाचतोस रे?"

"चांदीच्या बारीक कणात प्रकाश कसा खेळतो ते."

"दिसतो होय?"

बाबांनी नेमकं दुखणं पकडलं. दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर. तिच्या साधारण निम्म्याहून बारीक गोष्टी साध्या सूक्ष्मदर्शकात वेगळ्या दिसत नाहीत, हे आबेने १८७३ मध्येच सांगून ठेवलंय. इलेक्ट्रॉनची तरंगलांबी मात्र काही पिकोमीटरच. मग युक्ती अशी, की इलेक्ट्रॉनचा झोत कणावर सोडायचा आणि कुठे किती ऊर्जा गमावतो ते मोजायचं. फ्रान्समध्ये ओर्सेच्या लोकांनी २००७ मध्ये चांदीच्या सुमारे ८० नॅनोमीटरच्या त्रिकोणाचा असा नकाशा काढला. कोपऱ्यांवर लालच्या टोकाचा प्रकाश, कडांवर निळा, मधोमध जांभळ्याच्याही पलीकडचा. एवढ्याशा त्रिकोणात!

असे त्रिकोण आपल्याला परके नाहीत बरं का. पुण्याच्या एनसीएलमध्ये मुरली शास्त्रींच्या गटाने २००४ मध्ये गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोण बनवले होते. हो, आपला चहात टाकायचा गवती चहा.

पण साध्या झोतात एक अडचण आहे. कांडीसारख्या कणाच्या टोकाशी झोत नेला की तिथे जेवढ्या तऱ्हेची स्पंदनं असतील त्या सगळ्यांना तो डिवचतो. नेमकं एकच निवडायचं तर? इथे बाबांचं जाळं कामी येतं. पापलेटचं जाळं घेताना आस मोजतात. पिल्लू पार निघून जातं, हवा तेवढाच मासा कल्ल्यात अडकतो. झोतालाही असा 'आस' देता येतो. २०१७ मध्ये अँटवर्पच्या गटाने दोन पाळ्यांचा, एकमेकांच्या उलट कलेत हलणारा झोत वापरला. एक टोक धन आणि दुसरं ऋण, असं जे स्पंदन असतं, तेच त्याने वेगळं पकडलं.

आता माझा मुद्दा. याच गटातल्या लोकांनी २०१० मध्ये भोवऱ्यासारखा झोत बनवला, तो प्लॅटिनमच्या पातळ पत्र्यात काट्याच्या आकाराची जाळी कोरून. मायक्रोस्कोप नवा नव्हता, फक्त आत एक पत्रा बसवला! आपण मात्र यंत्र किती कोटींचं आणि किती लाख पट मोठं दाखवतं, यातच खूश. माझ्या कॉलेजात ऑसिलोस्कोपला हात लावायला बंदी होती, रीडिंग मागच्या बॅचच्या जर्नलातून उतरवायची. अशा पोरांपैकी कोणाच्या डोक्यात यंत्र उघडून पत्रा बसवायचं येणार? कोट्यवधींचं यंत्र बिघडेल ही भीती मला कळते. मग दहा वर्षं जुनं झालेलं एक तरी पोरांना द्या ना, मोडू दे!

बाबांना हे सगळं सांगितलं. त्यांनी सुई तोंडात धरून ऐकलं, मग म्हणाले, "आस चुकला की सगळीच रात्र फुकट."

असो. उद्या पालघरहून पहाटेची गाडी पकडायचीय.