लेकराचा श्वास आणि घराण्याची अब्रू

ज्या घरात आठ वर्षांच्या मुलीचा दम्याचा पंप ‘उद्या हिचे लग्न कसे जमायचे’ या भीतीने कपाटात कपड्यांच्या घड्यांमागे लपवला जातो, त्या घराच्या भिंतीवर पदव्यांच्या कितीही तसबिरी लटकोत, आम्ही त्याला सुधारलेले घर म्हणायला तयार नाही. पाहुणे आले की पंप आत. शाळेच्या सहलीला पंप नको, मैत्रिणी विचारतील. मग कोणीतरी सांगते, अमक्या गावी एक जण पुड्या देतो, तीन महिन्यांत दमा मुळापासून जातो. लगेच गाडी काढली जाते. त्या दिवसापासून पंप बंद!

मृग लागले की हैदराबादच्या नामपल्ली मैदानावर पिवळा लेप भरलेला जिवंत मासा दमेकऱ्यांच्या घशात उतरवला जातो. कोजागरीला आपल्याकडे ठिकठिकाणी दम्याचे औषध घातलेली खीर वाटतात. शहरातले शहाणे या लोकांना हसतात आणि स्वतः मात्र गोड गोळ्यांच्या बाटलीवर पोराचा जीव सोपवतात. त्या गोळ्यांबद्दल ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ साली, उपलब्ध पुरावा तपासून, स्पष्ट निष्कर्ष दिला: होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा कोणत्याही आजारात नाही. मासा घ्या, खीर घ्या, नाहीतर गोळ्या घ्या. पोराचा जीव धोक्यात येतो तो त्यापायी चालू औषध थांबवल्यामुळे.

हा धोका कसा दिसतो ते एकदा नीट पाहा. रात्री दोनला पोर उठून बसते. दोन्ही हात गादीवर टेकवते, खांदे वर चढतात, नाकपुड्या फुलतात, बरगड्यांखालची खळगी प्रत्येक श्वासाला आत ओढली जाते. ‘आई, पाणी दे’ एवढे तीन शब्द त्याला एका दमात बोलता येत नाहीत. घरात ओवा शेकला जातो, छातीला तेल चोळले जाते. पहाटे घरघर थांबते आणि आईला वाटते, उतार पडला. पण पोर दमून सुस्त पडले असेल आणि छातीचा आवाजच बंद झाला असेल, तर ती घटका सर्वांत वाईट असते. हवा आतच जात नसते, मग आवाज कशाचा येणार?

२०१९ च्या जागतिक रोगभार अभ्यासाच्या अंदाजानुसार जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत आणि दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे ४२ टक्के भारतात होतात. रोग जगभर तोच, औषध तेच, मग मरणात आपणच एवढे पुढे का?

‘सुधारक’कार आगरकर दम्यानेच खंगले. १७ जून १८९५ रोजी वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी ते गेले. तेव्हा अॅड्रेनॅलिनसुद्धा शुद्ध रूपात हाती आले नव्हते. ते आले १९०१ च्या सुमारास. मोजून फवारा देणारा पंप निघाला १९५६ साली, आणि श्वासातून घ्यायचे बेक्लोमेथासोन हे स्टिरॉइड १९७२ साली. आगरकरांना जे मिळूच शकत नव्हते, ते आज तालुक्याच्या दुकानात काही शे रुपयांत मिळते. आणि त्यांच्याच महाराष्ट्रात ते ‘लोक काय म्हणतील’ या भीतीपायी नाकारले जाते!

‘पंपात स्टिरॉइड असते, सवय लागते, वाढ खुंटते.’ घरोघर ऐकू येणाऱ्या या भीतीचा हिशेब मांडू. सवय लागत नाही. औषध थांबवल्यावर त्रास परततो, कारण श्वासनलिकांची सूज अजून गेलेली नसते. वाढीचे म्हणाल तर अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाने मुले प्रौढ होईपर्यंत त्यांची उंची मोजली. पंपातून रोज ब्युडेसोनाइड हे स्टिरॉइड घेतलेली मुले ते न घेतलेल्यांपेक्षा सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. हे खरे आहे आणि डॉक्टरांनी ते पालकांना तोंडावर सांगितलेच पाहिजे. आता दुसरी बाजू. एका फवाऱ्यात साधारण १०० मायक्रोग्रॅम औषध असते, तेही थेट फुफ्फुसासाठी. प्रेडनिसोलोनच्या ५ मिलिग्रॅमच्या एका गोळीत ५,००० मायक्रोग्रॅम असते आणि ते रक्तातून अंगभर फिरते. ‘साइड इफेक्ट नाही’ म्हणून दिल्या जाणाऱ्या बेनाव पुड्यांमध्ये हेच तोंडावाटेचे स्टिरॉइड कुटून घातल्याचे वारंवार उघड झाले आहे. पुडीने पोराला चार दिवसांत आराम पडतो, भूक वाढते, गाल गोल होतात. आजी म्हणते, बाळसे धरले! ते बाळसे नसते, ती औषधाची सूज असते. फवाऱ्याला भ्यालेले आईबाप पोराला त्याच जातीच्या औषधाचा डोंगर नकळत चारत असतात.

आणखी एक फसवणूक आहे. मुलांचा दमा ऋतूबरोबर चढतो-उतरतो, आणि पुष्कळ मुलांमध्ये वयाबरोबर आपोआप कमी होतो. त्या काळात जो कोणी औषध देत असेल, श्रेय त्याचे! ‘अॅलोपॅथी नुसते दाबते’ हेही असेच ऐकीव. ज्या परागाची किंवा धुळीतल्या किड्याची अॅलर्जी आहे, तोच अंश मोजून-मोजून देत शरीराला सवय लावण्याची उपचारपद्धती लंडनच्या लेनर्ड नून यांनी १९११ सालीच मांडली. ती आजही निवडक रुग्णांत तज्ज्ञांच्या देखरेखीखाली वापरतात. झाडपाल्याचेही विज्ञानाला वावडे नाही. अडुळशातल्या व्हॅसिसीनवरूनच ब्रोमहेक्सिन बनले. हळद-दूध खुशाल द्या, आजीचा हात पाठीवरून फिरू द्या. पण पंप चालू ठेवून!

आता डॉक्टरांना विचारतो. तुम्ही आईला ‘दमा’ असे स्पष्ट का सांगत नाही? ‘छाती भरते’, ‘बाळदमा आहे, जाईल’ अशी गुळमुळीत भाषा कशासाठी? पंप लिहून देता, पण तो कसा घ्यायचा हे पाच मिनिटे बसून कोण दाखवतो? लहान मुलाला पंपाबरोबर स्पेसर, म्हणजे फवारा धरून ठेवणारी पोकळ नळी, लागतो. तो परवडत नसेल तर डझनभर उपाय शोधायला नकोत: केपटाऊनमधल्या डॉक्टरांनी १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले की अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीच्या बुडाला पंपाच्या मापाचे भोक पाडून तो घट्ट बसवला, तर दम्याच्या झटक्यात ती विकतच्या स्पेसरइतकीच कामाला येते. हे आपल्या किती दवाखान्यांत शिकवले जाते?

आणि सरकार? औषध नियमांच्या अनुसूची ‘जे’ नुसार दमा बरा करण्याचा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही. तरी ‘दमा मुळापासून’च्या जाहिराती एसटीच्या मागे, भिंतींवर आणि वृत्तपत्रांच्या पानांवर झळकतात. ज्या वृत्तपत्राच्या एका पानावर विज्ञानाची पुरवणी आणि दुसऱ्यावर ही जाहिरात असते, त्याने सुधारणेचे नाव घेऊ नये. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे गुन्हा ठरवले. श्वास कोंडलेल्या लेकराचे औषध तोडायला लावणाऱ्यालाही तिथेच उभे केले पाहिजे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात पंप आणि स्पेसर मिळालाच पाहिजे. अन्न व औषध प्रशासनाने बेनाव पुड्यांचे नमुने उचलून निष्कर्ष गावाच्या चावडीवर लावले पाहिजेत. शाळांनी पंप मुख्याध्यापकांच्या कुलपात ठेवणे बंद करून तो मुलाच्या दप्तरात राहू दिला पाहिजे.

पालकांनी एवढे आजच करावे. पुडी देणाऱ्याकडे औषधाचे नाव लेखी मागावे. जो देणार नाही, त्याच्याकडून पुढची पुडी घेऊ नये. मात्र पुडी बरेच दिवस चालू असेल तर ती परस्पर एकदम तोडू नये, कारण आत स्टिरॉइड असल्यास ते अचानक थांबवणेही जिवावर बेतू शकते. उरलेली पुडी घेऊन त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ गाठावा आणि काय चालू होते, किती दिवस चालू होते, हे काहीही न लपवता सांगावे.