चित्रकथांची चोरटी गोडी

कुंभवलीहून भल्या सकाळी बोईसर स्थानक गाठून मुंबईकडे जाणारी लोकल पकडणाऱ्या कारकुनाच्या हाती रहस्यकथा असली, तर त्यास कोणी हटकत नाही. शब्दकोडे सोडविणाऱ्या शिक्षकाची तर विद्वानांत गणना होते. परंतु हाच गृहस्थ वेताळाचा जुना अंक उघडून बसला, की समोरच्या बाकावर भुवया उंचावतात आणि तो बिचारा ‘मुलासाठी घेतला आहे’ अशी सारवासारव करू लागतो. ती त्याने का करावी?

चित्रांतून कथा अनुभवणे हा पोरकटपणा, ही समजूत मुळात या मातीतली नव्हे. याच पालघर जिल्ह्यात वारल्यांच्या घरी लग्नाचा चौक सवाशिणी रेखाटतात. किंबहुना चौक ‘लिहिणे’ असाच तिकडचा शब्द आहे. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, ती काही बालवाङ्‌मयासाठी नव्हे. पिंगुळीचे चित्रकथी एकामागून एक चित्र दाखवीत रामायण-महाभारतातील प्रसंग गाऊन सांगत; त्यांच्यापुढे मिशीवाले बाप्येही बसत असत.

चित्रकथांचे वकील मात्र भलताच बचाव मांडतात. अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथे’ने संस्कार केले, आर्ट स्पीगेलमन यांच्या ‘माउस’ला १९९२ मध्ये पुलित्झर मिळाले, इत्यादी. हे सारे खरे आहे. तथापि, हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. भेळ खाणारा तिच्यातील जीवनसत्त्वे मोजून दाखवीत नाही. दिवसभर खतावण्या आणि उत्तरपत्रिका तपासणाऱ्याने अर्धा तास निखळ करमणुकीत घालविला, तर त्याचा हिशेब कोणाला द्यावयाचा?

या लाजेची किंमत मात्र मोठी आहे. १९६४ साली निघालेली ‘इंद्रजाल कॉमिक्स’ १९९० मध्ये बंद पडली. त्यास इतरही कारणे असतील. पण प्रौढ वाचक उघडपणे पैसे मोजत नाही, तोवर त्याच्यासाठी मराठीत चित्रकथा काढण्यास कोणता प्रकाशक धजावेल? १९९१ पासून वृत्तपत्रात आलेला ‘चिंटू’ घरातील थोरांनीही चवीने वाचला, कारण तो वृत्तपत्रातच होता. लपविण्याची गरज नव्हती.

ग्रंथालयांनी तरी चित्रकथांची एक फळी बालविभागातून बाहेर काढून कादंबऱ्यांशेजारी लावावी. म्हणजे नोंदवहीत मुलाचे नाव घालण्याची पाळी कोणावर येणार नाही.