तोट्याचे शस्त्र

बंगळुरूत २००७ साली दोन भारतीय तरुणांनी पुस्तकविक्रीसाठी सुरू केलेली फ्लिपकार्ट २०१८ मध्ये अमेरिकी वॉलमार्टच्या ताब्यात गेली. सुमारे ७७ टक्के भागभांडवलासाठी वॉलमार्टने १६ अब्ज डॉलर मोजले. फ्लिपकार्टची ऑनलाइन बाजारपेठ चालविणाऱ्या कंपनीने २०२३-२४ मध्ये सुमारे १७,९०० कोटी रुपयांचा महसूल मिळविला. तरीही २,३०० कोटींहून अधिक तोटा सोसला. तोटा आधीच्या वर्षापेक्षा घटला, याचे अर्थपंडितांना कोण कौतुक! पण वर्षानुवर्षे तोटा सोसणे परवडते कोणाला? गल्लीतल्या दुकानदाराच्या दोन दिवाळ्या तोट्यात गेल्या, तर दुकानाला कुलूप लागते. परकीय भांडवलाच्या बळावर सवलतींची खैरात करणाऱ्यासाठी तोटा हे बाजार काबीज करण्याचे शस्त्रच ठरते.

अशा बाजारपेठेने स्वतःची भागीदारी असलेल्या विक्रेत्यांचा माल विकू नये, हा नियम फेब्रुवारी २०१९ पासून लागू आहे. तरीही मर्जीतल्या विक्रेत्यांना झुकते माप मिळत असल्याच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाला जानेवारी २०२० मध्ये चौकशीचा आदेश द्यावा लागला.

कंपनी भांडवली बाजारात उतरेल, तेव्हा भागधारक नफा मागतील. तो कोठून येणार? प्रतिस्पर्धी संपले की सवलतीही संपतात, हे ग्राहकाने आजच ओळखावे. आणि शासनाने नियम कागदावर ठेवू नयेत.