वानराला फुटाणे, घुबडाला दगड!

दर शनिवारी मारुतीच्या देवळामागच्या काळतोंड्या वानरांना मी फुटाणे घाली. आणि रात्री कौलांवर गव्हाणी घुबड चिरकले, की अपशकुन म्हणून दगड उचली!

वास्तविक दोघांचेही डोळे आपल्यासारखेच समोर पाहणारे. वानराचे डोळे खोबणीत फिरतात. घुबडाचे फिरत नाहीत, म्हणून बिचारे मानच २७० अंशांपर्यंत वळवते. वानर दिवसा परसातला शेवगा ओरबाडते. घुबड काळोखात नुसत्या कानोशाने उंदीर टिपते. मग धान्याचा राखणदार कोण? तरीही ऐन लक्ष्मीपूजनाच्या सुमारास मंत्रतंत्रासाठी लक्ष्मीच्याच या वाहनाचा जीव घेतला जातो! १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे छत्र दोघांवरही आहे.

वाचकहो, मी दगड खाली ठेवला आहे. आता कौलांवर चिरकणे ऐकू आले, की सौ. म्हणते, “आला हो आपला राखणदार!”